लालकंधारी रंगाचा ट्रॅक्टर

यंत्र बिघडलं की ते दुरुस्त करणारी माणसं मराठवाड्यात पुष्कळ सापडतील. पण यंत्र बिघडलं आहे हे अजिबात मान्य न करता त्याच्याकडून काम करून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या अक्काचा नवरा होता. दाजींचा ट्रॅक्टर त्यांच्या लग्नाच्या आधीचा. कुणी त्याला जुना म्हटलं की दाजी म्हणत, "जुना न्हाई, वळण लागलेला हाय." ट्रॅक्टरला ते 'ह्यो' म्हणत. ह्यो आज उदास हाय, ह्यो त्या वळणाला बुजतो. थांबवताना ब्रेक दाबायचेच, पण तोंडानं "हो… हो…" केल्याशिवाय तो थांबेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. सोमवारी बैल जुंपत नाहीत म्हणून ट्रॅक्टरलाही सोमवारी सुट्टी असे. दुष्काळ पडला, पाण्याची खेप सोमवारीही लागायला लागली, तेव्हा अक्कानं ती सुट्टी मोडली. "त्याला सुट्टी हाय, मला कुठंय?" एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून दाजी सोमवारी निघण्याआधी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवून दोन मिनिटं काहीतरी पुटपुटत. बहुधा माफी मागत असावेत.

हे उदगीर आणि देगलूरच्या मधलं गाव. लातूर जिल्हा नुकताच झाला होता; साहेब आले होते, खुर्च्या अजून यायच्या होत्या. सरकारी टँकरचं नाव कागदावर होतं आणि टँकर वाटेत होता, असं रोज कळायचं. गावात ट्रॅक्टर एकच, तो दाजींचा. म्हणून ठरलं असं की दाजींनी मागं टाकी जोडायची, ओढ्याच्या पात्रातल्या विहिरीवरून पाणी आणायचं, आणि सरकारकडून आठवड्याला डिझेल ठरलेलं, मोजकं मिळेल. सकाळची खेप गावाला, दुपारची पलीकडच्या लमाण तांड्याला. मी त्याच उन्हाळ्यात बीएस्सी झाले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. नोकरीचा कागद येईपर्यंत अक्काकडे राहायला गेले, तर दाजींनी माझं नावच बदललं. "काय बीएस्सी, च्या घेतला का?" महिनाभरात तांड्यावरच्या बायाही मला बीएस्सी म्हणायला लागल्या.

पावसाळाही कोरडाच निघाला, आणि पोळ्यानंतर ट्रॅक्टरचं चालू करायचं बटण मेलं. दाबलं की नुसतं 'टक्' व्हायचं. दाजींनी हे मनावर घेतलं नाही. ट्रॅक्टर उताराला लावायचा, चार जणांनी ढकलायचा, इंजिन धरलं की झालं. मग दाजींचं सगळं जगच उतारावर आलं. कुणी लग्नाचं बोलावणं घेऊन आलं की दाजी आधी विचारत, "मांडवापाशी उतार हाय का?" नायगावकडच्या एका सोयऱ्याचं घर सपाटीवर निघालं, तर त्या पूर्ण घराण्याबद्दलच त्यांचं मत वाईट झालं. पण विहीर ओढ्याच्या पात्रात, तिथं उतार औषधालाही नाही. इंजिन बंद केलं तर पुन्हा लागायचं नाही, म्हणून ते चालूच ठेवायचं. आणि विहिरीला झरा बारीक. पाणी चढायची वाट बघत तास-तास जायचा. तेवढा वेळ डिझेल नुसतं जळायचं. आठवडा संपायच्या आत डिझेल संपायचं, आणि मग जी खेप रद्द व्हायची ती नेहमी दुपारची, तांड्याची.

हे मात्र दाजींना सहन झालं नाही. "तांड्याची खेप बुडवायची न्हाई," असं म्हणून ते कामाला लागले, आणि ते कामाला लागले म्हणजे घरात कुणी बसून राहू शकत नसे. पहिल्यांदा बॅटरी डोक्यावर घेऊन एसटीनं उदगीरला नेली. चार्ज होऊन आली, दोन दिवस ट्रॅक्टर नवरदेवासारखा चालला, तिसऱ्या दिवशी 'टक्'. मग पट्टा ढिला आहे म्हणून तो ताणला. मग डायनामो, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर वीज करून बॅटरीला पाजणारा तो गोल डबा, उघडून आतले कार्बन बदलले. मग त्याच्या शेजारची कट-आऊटची, म्हणजे ती वीज बॅटरीकडे सोडणारी पेटी देगलूरच्या भंगारातून दुसरी आणली. हँडलजवळच्या घड्याळातला काटा जागचा हलला नाही. बॅटरीत वीज जायला लागली की तो उजवीकडे झुकतो. दाजींचा काटा मधोमध, ध्यानाला बसल्यासारखा. त्यांनी लिंबू-मिरची बांधली. काटा ध्यानातच. शेवटी उदगीरचा बॅटरीवाला चाचा वैतागून म्हणाला, "पाटील, बॅटरी में जान है. उसको खिलानेवालाच नै है. मेरे पास कायको लाते?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू असताना मी एक जाड वायर घेतली. एक टोक डायनामोच्या अंगाला, कार्बन बदलताना खरचटलेल्या जागी टेकवलं, दुसरं बॅटरीच्या त्या खुंटीला, जी ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडलेली असते. काटा ताडकन उजवीकडे गेला. वायर काढली, काटा मध्ये. पुन्हा लावली, पुन्हा उजवीकडे. दाजी खालून ओरडले, "बीएस्सी, काय करून राहिलीस? ह्यो हसला की!"

मी म्हटलं, "दाजी, वीज जायला वाट आहे, परतायला नाही. परतायची वाट लोखंडातून असते. डायनामो लोखंडाला टेकलेलाच नाही."

"टेकला न्हाई? बोल्ट आवळून माझी बोटं सोलली!"

"मधी काय आहे?"

अक्का चुलीपाशी भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, "रंग हाय. दुसरं काय असणार."

हे सांगायला हवं. पोळ्याच्या आधीच दाजींची लालकंधारी बैलजोडी गोठ्यातून गेली होती. कडबा संपला तेव्हा त्यांनी ती देगलूरच्या पलीकडे, कालव्याच्या मुलखातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला दिली. विकली असं ते कधी म्हणाले नाहीत. "पोसायला दिली" म्हणत. पोळ्याला दारात बैल नाही, हे त्यांना बघवेना. मग त्यांनी ट्रॅक्टरचा एकेक भाग सुटा केला आणि सगळ्याला बरोबर त्या बैलांच्या अंगासारखा गडद तांबडा रंग दिला. हा रंग कुठल्याच कंपनीचा नव्हता. उदगीरच्या दुकानदाराकडून तीन डबे मिसळून त्यांनी तो जमवला होता. डायनामोचा पाय रंगवला, तो जिथं बसतो ती जागा रंगवली, बोल्ट रंगवले, कट-आऊटची बैठकही रंगवली. दोन-दोन हात. वर झूल, पुढं घुंगरमाळ, अक्कानं पुरणपोळीचा नैवेद्य बॉनेटवर ठेवलेला. गावानं हसत हसत पाया पडून घेतलं. लोखंड आणि लोखंडाच्या मधे बैल बसला होता, वीज जाणार कुठून?

"खरडावा लागेल," मी म्हटलं.

"दुसरं काय बी कर," दाजी म्हणाले, "रंगाला हात लावू नको." आणि दोन दिवस त्यांनी खरोखर हात लावू दिला नाही. वायर तशीच बांधून ठेवू म्हणाले. हादऱ्यानं ती वाटेत दोनदा निसटली, आणि तांड्याची खेप पुन्हा बुडाली. त्या संध्याकाळी तांड्यावरची एक म्हातारी रिकामा हंडा घेऊन थेट अंगणात आली. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून तिनं निवांत पाहून घेतलं.

"पाटला, तुझा बैल लई देखणा हाय," ती म्हणाली. "पर पानी कुठाय?"

दाजी आत गेले, बैलांची शिंगं साळायचा चाकू घेऊन आले आणि डायनामो खोलून खाली मांडी घातली. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "तू दूर बस." शिंगं साळतात तसं हळूहळू, एका अंगानं, त्यांनी तो पाय खरडला. मग त्याची जागा, मग बोल्ट, मग पेटीची बैठक. चकचकीत पांढरं लोखंड निघालं. तांबडे पापुद्रे त्यांच्या धोतरावर पडत होते, ते त्यांनी झटकले नाहीत. डायनामो चढवला, ट्रॅक्टर उतारावरून ढकलून चालू केला. काटा उजवीकडे झुकला आणि तिथंच राहिला. अक्का म्हणाली, "झालं का समाधान?" दाजींनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेपेला मीही टाकीवर बसून गेले. विहिरीपाशी दाजींनी इंजिन बंद केलं. केवढी शांतता झाली! इतके दिवस आम्ही तिथं फक्त ओरडून बोललो होतो. पाणी चढायची वाट बघत दाजी काठावर बसले आणि इतक्या हळू आवाजात की मला तो त्यांचा वाटेना, म्हणाले, "बीएस्सी, जोडीतला उजव्या अंगाचा बैल पाण्यात उतरत न्हाई. बुजतो. त्याला बादली धरावी लागती. त्या कालव्यावाल्यांना सांगायचंच राहिलं."

"कळलं असेल त्यांना," मी म्हटलं.

"हाव. कळलं असंल."

टाकी भरली. त्यांनी बटण दाबलं, इंजिन लागलं, आम्ही तांड्यावर गेलो. सगळ्यांचे हंडे भरून झाल्यावर टाकीच्या तळाला थोडं पाणी उरलं. दाजींनी ते बादलीत घेतलं आणि त्या म्हातारीच्या दारातल्या, बरगड्या दिसणाऱ्या बैलापुढं धरलं. बैल प्यायला, त्यानं तोंड बाजूला केलं, तरी दाजी बादली धरून उभेच होते.