आमची सुगरण साधी निघाली

पक्षी बघायला जाणाऱ्यांना पक्षी थोडे दिसतात, किस्से मात्र पोत्याने गोळा होतात. बराकपूरच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं तीनच: बँकेतले देशपांडे, शेजारच्या अलकाकाकू आणि कस्टम्समधला मी. दर रविवारी आम्ही दुर्बिणी घेऊन कुठेतरी भटकायचो. यंदा कुठे गेलोच नाही. सोसायटीतल्याच खजुरावर सुगरणींनी घरटी टांगली होती.

* * *

सुगरणीचा नर अर्धवट घरटं विणतो, मग मादी येऊन तपासते. पसंत पडलं तरच पुढचं काम. एका मादीने लागोपाठ दोन घरटी नापास केली. काकू बाल्कनीत चहा पीत बघत होत्या.

"आमच्या ह्यांनी इथला फ्लॅट दाखवला, तेव्हा मलाही असं जमायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

आत काका पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला.

* * *

घरट्यांत पिल्लं आली आणि नेमका तेव्हाच सोसायटीने खजूर तोडायचा ठरवला. गाड्या लावायला जागा हवी होती. काकूंना जेवण जाईना. सेक्रेटरी घोषबाबू तसा भला माणूस. दुर्मीळ पक्षी असेल तर लिहून द्या, मी काम थांबवतो, असं त्यांनी आमच्यातले जाणकार म्हणून देशपांड्यांना सांगितलं.

दुर्मीळ म्हणजे फिन सुगरण. साध्या सुगरणीची बहीणच, पण तराईच्या गवताळ रानात आता थोडीच उरलेली. साधी सुगरण देशभर भरपूर.

"मग फिन म्हणा की," काकू म्हणाल्या.

"कसं म्हणू, वहिनी? फिनचा नर डोक्यापासून पोटापर्यंत पिवळाजर्द. ह्याचा गळा काळपट आहे."

"लग्नसराईच चालू आहे त्याची. थोडी हळद लावू."

देशपांडे हसले, पण लिहून देईनात. मला त्यांचा राग येत होता, आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळत होतं.

* * *

शेवटी शनिवारी संध्याकाळी खजुराखालीच मीटिंग झाली. झाड तोडणारे दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते.

"तो देशपांडेजी, कौन सा निकला?" घोषबाबूंनी विचारलं.

"साधारण वाला. आपका बाबुई," देशपांडे मान खाली घालून म्हणाले. सुगरणीला बंगालीत बाबुई म्हणतात.

घोषबाबूंना हायसं वाटलं. वर पिल्लांचा गलका चालूच होता.

"मतलब, इसको कोई खतरा नहीं है ना?" खात्री करायला त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

काकूंनी शांतपणे उत्तर दिलं, "कल सुबह तक नहीं है."