सेलमास्तरांची नऊ मिनिटं

सेलमास्तरांच्या पायांना चाकं होती आणि हातांना चैन नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन कचेरीच्या बॅटरीघरात काढली. तिथले सेल, म्हणजे बॅटऱ्या, बादलीएवढे. त्यांना पाणी पाजायचं, त्यांची ताकद मोजायची, फेऱ्या मारायच्या. निवृत्त झाल्यावर ताब्यात उरली एकच, सुनेच्या कॉम्प्युटरच्या टेबलाखाली यूपीएसमध्ये बसलेली, जेमतेम विटेएवढी. वीज गेली की कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा थोडा वेळ तगवायचा, एवढंच तिचं काम. पण एकतीस वर्षांची सवय ठेवायची कुठे?

मग रोज सकाळी सातला मास्तर कॉम्प्युटर चालू करून टेबलाखाली शिरायचे, यूपीएसचा भिंतीतला प्लग उपटायचे आणि घड्याळ बघत मांडी घालून बसायचे. यूपीएस आधी सावकाश टूं टूं करायचा, बॅटरीचा जीव जायला आला की घाईघाईने टूंटूंटूं. किती मिनिटं तगली ते वहीत लिहायचं. वर्षभरात पंचवीसची अकरा झाली. कंपनीच्या नावाने बोटं मोडत मास्तर बॅटरी काखोटीला मारून दुकानात गेले.

दुकानातल्या बाईंनी मीटर लावला. "काका, वीज फार जाते का तुमच्याकडे?"

"महिन्यातून एखाद वेळा."

"मग ही एवढी दमली कशाने?"

"काय की. मी तर रोज तपासतो तिला, पार संपेपर्यंत."

बाईंनी मीटर खाली ठेवला. "म्हणजे एखाद्याला रोज तोंडाला फेस येईपर्यंत पळवायचं आणि वर्षाने विचारायचं, बाबा रे, तुला दम का लागतो? ही सीलबंद बॅटरी आहे, काका. हिला पाणी नको की लाड नकोत. नवी बसवा आणि तीन महिने हात लावू नका."

नवी बसवली. लाल वायर लालला, काळी काळीला, वर तारखेची चिठ्ठी. त्याच आठवड्यात सुनेची परीक्षा होती, ग्रंथपालाच्या जागेची. घरूनच द्यायची, अकरा ते बारा, समोर कॅमेरा. खोलीत दुसरं माणूस दिसलं की बाद, कॉम्प्युटर मधेच बंद पडला तरी बाद. आणि वयाच्या अटीमुळे पुन्हा बसता येणार नव्हतं.

"बाबा, परीक्षा होईपर्यंत टेबलाखाली जायचं नाही."

"मी कशाला जातोय? मला काय दुसरे उद्योग नाहीत?"

उद्योग होते की. चार दिवसांत मास्तरांनी घरातल्या सगळ्या नळांचे वायसर बदलले, शिलाई मशीनला दोनदा तेल दिलं आणि शेजाऱ्यांची चांगली वाजणारी बेल दुरुस्त केली. ती त्यानंतर वाजली नाही. पण परीक्षेच्या सकाळी सात वाजले आणि हात आपोआप प्लगकडे गेला. दोनच मिनिटं, असं ठरवलं होतं. बॅटरी इतकी झकास चालत होती की नऊ झाली. पुन्हा पूर्ण भरायला हिला आठ तास लागतात, हे प्लग परत लावताना आठवलं. परीक्षेला उरले होते चार.

अकरा सदतीसला वीज गेली. फ्रिज गप्प झाला आणि बंद दारापलीकडून टूं टूं सुरू झालं.

दाराबाहेर स्टुलावर बसलेले मास्तर उठले, बसले, परत उठले. अजून तेवीस मिनिटं हवीत. बॅटरीत किती असतील? एकदा एकवीस आली, एकदा सतरा, एकदा बारा. हात कडीपर्यंत गेला आणि मागे आला. आत शिरलं तर बॅटरीच्या आधी आपणच सुनेला बाद करायचो. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करता बसून राहिले.

अकरा चौपन्नला टूंटूंटूं. पंचावन्नला सगळं शांत. फ्रिज अजून गप्पच होता, म्हणजे वीज आलेली नव्हती. म्हणजे बॅटरीच गेली.

दार उघडलं. सून केस बांधत बाहेर आली.

"माझ्यामुळे गेली," मास्तर म्हणाले. "सकाळी मी जरा प्लग..."

"ऐकलं मी. सात वाजता टूं टूं. कुकरची शिट्टी नव्हती ती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून बॅटरी भरणार होती का? पहिल्या मिनिटापासून पळत सुटले. एकही उत्तर परत वाचलं नाही. पाच मिनिटं आधी पेपर पाठवला आणि यूपीएस मीच बंद केला. डोकं उठवलं होतं त्याने."

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. मग हळूच मनगट वळवून घड्याळ पाहिलं. "म्हणजे अठरा मिनिटं. सकाळची नऊ जाऊनसुद्धा. बॅटरी उत्तम आहे हं."

सुनेने कपाळाला हात लावला. "लिहा आता वहीत."

मास्तर वही आणायला कधीच उठले होते.