उजवीकडे पातं, डावीकडे लेझर

फ्लेक्सवर डाग पडलाय म्हणून मी जवाहर चौकातल्या छपाईवाल्याशी भांडलो. भालचंद्रराव खानझोडेंच्या निवृत्तीचा फ्लेक्स, समारंभ तीन महिन्यांवर असतानाच करायला टाकलेला. खदखदून हसतानाचा फोटो मीच काढलेला, आणि दातांच्या वर हा काळा पट्टा. आधी हे काळं साफ कर, म्हटलं. तो थंडपणे म्हणाला, "दाग नहीं है सर, मसूडे हैं." हिरड्या! आणि भालचंद्रराव माझ्या मागेच उभे होते.

तेव्हापासून त्यांनी तोंड मिटलं.

हा नागपूरचा गृहस्थ कारखान्याच्या खरेदी विभागात जन्मभर माल नाकारत आला. टाउनशिपमधल्या लग्नांत श्रीखंड चमच्याच्या टोकावर घेऊन "नमुन्याप्रमाणे नाही" असा शेरा मारायचा. जावयालाही तोच. या गृहस्थाकडून फुकट मिळे ते एकच, आमच्या मूर्खपणावरचं गडगडाटी हसू. ते गेलं, आणि त्यांच्या पत्नी नलिनीवहिनी म्हणाल्या, घरात आता पंख्याची कुरकुर ऐकू येते.

शेवटी ते अरेरा कॉलोनीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी सांगितलं, हिरड्यांचा रंग जन्मजात आहे, आजार नाही, काही करायची गरज नाही. गरज नसलेली खरेदी यांनी नोकरीत कमी केली होती का? उपाय दोन निघाले. पात्यानं वरचा थर खरवडायचा: स्वस्त, पण रक्त येणार, वर लेप बसणार. किंवा लेझर: महाग, रक्त जवळजवळ नाही, जखम मात्र सावकाश भरण्याची शक्यता. एकाच पुरवठादारावर विसंबणं भालचंद्ररावांच्या रक्तात नव्हतं. उजवीकडे पातं, डावीकडे लेझर, असा नमुना मागवून त्यांनी बाईंना जेरीस आणलं.

मग पेज पीत दोन्हीकडच्या तक्रारी. उजवीकडचा लेप म्हणजे खिडकीच्या काचेला लावायची पुट्टी. डावीकडे जळका वास, शिवाय ती बाजू सरकारी फायलीसारखी रेंगाळली. महिन्याभरानं दोन्हीकडे सारखाच गुलाबी रंग आला. बाई म्हणाल्या, काही वर्षांनी काळेपणा परतूही शकतो, कुठल्याही बाजूनं. गॅरंटी नाही हे ऐकून यांनी बाईंकडे श्रीखंडाकडे बघतात तसं बघितलं.

निरोप समारंभात मी कॅमेरा घेऊन समोर बसलो. माझा हातखंडा विनोद सांगितला, त्यावर जीएम साहेबसुद्धा हसले. भालचंद्ररावांचे ओठ शिवल्यासारखे.

"अहो, आता तरी हसा," मी काकुळतीला आलो, "कुठली बाजू सरस ठरली, बघू द्या."

"तुझ्या विनोदाला दोन्ही बाजू बंद."