कोट्यातली दोन भिंगं

तीस वर्षं मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. दर वर्षी फळ्यावर दोन चौकोन काढायचे, एकात मीठ लिहायचं, दुसऱ्यात भिंगं. एक देश मीठ स्वस्तात काढतो, दुसरा भिंगं. समजा दुसरा देश दोन्ही कामांत वरचढ असला, तरी ज्यात तो जास्त वरचढ आहे तेच त्याने करावं आणि बाकीचं पहिल्याकडून घ्यावं. याला तुलनात्मक लाभ म्हणतात. मग शेवटचं वाक्य सांगायचं, की व्यापारात दोन्ही बाजूंचा फायदा होतो. मुलं ते अधोरेखित करायची. परीक्षेत त्याला मार्क होते म्हणून मी सांगत आले. सांगताना दर वेळी तोंड कडू व्हायचं.

मीठ आणि भिंगं हे उदाहरण पुस्तकातलं नव्हे, आमच्या घरातलं. आम्ही ठाण्याला कोपरीत राहायचो, घरापुढे चार पावलांवर मिठागरं. वडिलांचं चष्म्यांचं दुकान रुळांच्या पलीकडे, स्टेशनाजवळ. कल्याण-डोंबिवलीहूनही गिऱ्हाइकं यायची, कारण वडील स्वतः चाकावर काच घासून भिंग बसवत. त्यांची एक पद्धत होती. चष्मा तयार झाला की तो गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायचा आणि काउंटरवर जो कागद पडला असेल तो पुढे करून म्हणायचं, "वाचा मोठ्याने." वर्तमानपत्र, औषधाची चिठ्ठी, पोस्टकार्ड, काहीही चालायचं. माणूस मोठ्याने वाचताना अडखळला की भिंग कुठे चुकलं ते त्यांना कानांनी कळायचं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही हसायचो, पण त्यांचा चष्मा कधी परत आला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईपूर्वी ते विलायतेहून थेट काच मागवत. मग बेचाळीसची चळवळ आली आणि वडिलांनी शपथ घेतली, देश स्वतंत्र होईपर्यंत इंग्रजांची एक काच विकणार नाही. होता तेवढा माल त्यांनी दोन पेट्यांत भरला आणि खाडीत नेऊन ओतला. आई म्हणे त्या दिवशी जेवली नाही. पुढे सात महिने ते तुरुंगात होते. सुटून आल्यावर देशी काच घासू लागले. त्या काचेत बुडबुडे असायचे, लाटा असायच्या. वडील त्यातल्या त्यात बरा तुकडा शोधून काढायचे आणि कमी नंबराच्या गिऱ्हाइकांचं भागवायचे. मोठ्या नंबराची माणसं मुंबईला जायची.

स्वातंत्र्य आलं. आता शपथ सुटली, आता चांगली काच मागवायची, म्हणून वडील मुंबईला परवान्याच्या ऑफिसात गेले. परकीय चलनाची चणचण म्हणून आयातीवर कोटा बसला होता. अर्जाला पुरावे जोडायचे होते. या भल्या माणसाने काय जोडावं? तुरुंगातून सुटल्याचा कागद! त्यांना वाटलं, सरकार आपलं आहे, हे पाहून आपला नंबर आधी लागेल. कारकुनाने तो कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला. कोटा मिळायचा तो मागच्या आयातीच्या प्रमाणात. ठरवून दिलेल्या वर्षांत तुम्ही किती माल आणला होता, त्याचा ठरावीक हिस्सा आता आणता येईल.

"त्या वर्षांत तुम्ही किती आणलात?" कारकुनाने विचारलं.

"एकही काच नाही," वडील छाती पुढे काढून म्हणाले.

"मग तुमचा कोटाही शून्य."

हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा ते हसत होते. मला आजही त्या हसण्याचा राग येतो.

ज्याने त्या वर्षांत बक्कळ विलायती माल आणला, तो माणूस आमच्या ठाण्यातच होता. लढाईत गोऱ्या पलटणींना चष्मे पुरवून तो वर आला होता. लोक त्याला कोटेवालेच म्हणायचे. त्याचं दुकानही उरलं नव्हतं. घरी झोपाळ्यावर बसायचं, परवान्यावर आलेली काच बाजाराला विकायची, भाव आपल्या मनाचा. पुढे मी हेच शिकवलं. परदेशी मालावर जकात बसली तर वाढलेल्या किमतीतला फरक सरकारच्या तिजोरीत जातो. कोटा वाटला तर तो कोटेवाल्याच्या खिशात. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. माझ्या मुलांना त्यात कधी कमी मार्क पडले नाहीत.

मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, गेले तोवर माझा नंबर उणे नऊ झाला होता. देशी काचेतून ओळी वाकड्या दिसायच्या, तासाभरात डोकं ठणकायला लागायचं, ओकारी व्हायची. मुंबईच्या डॉक्टरांनी माझा चष्मा हातात घेतला आणि वडिलांना विचारलं, "हा कुणी केला?" वडील म्हणाले, "मी." डॉक्टर म्हणाले, "चांगली काच घाला, नाहीतर पोरीची शाळा थांबवा."

शाळा थांबवा म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढचं सगळंच थांबायचं. उणे नऊच्या, न शिकलेल्या मुलीला कोण विचारणार होतं?

मुंबईच्या दोन-तीन दुकानांत आम्ही फिरलो. त्या नंबराची काच कोणाकडे नव्हती. सगळ्यांनी एकच पत्ता सांगितला, आमच्याच गावातला.

वडील मला घेऊन कोटेवाल्यांकडे गेले.

"या, चष्मेवाले, बसा," ते झोपाळ्यावरून न उठता म्हणाले. "मुलगी का? केवढा नंबर?"

"उणे नऊ."

त्यांनी आतून एक पेटी आणवली आणि तलम कागदात गुंडाळलेली दोन भिंगं वडिलांच्या हातावर ठेवली. वडिलांनी एक उजेडात धरलं. बुडबुडा नाही, लाट नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली.

"किंमत सांगा," वडील म्हणाले.

"किंमत कोण मागतंय तुमच्याकडे? मला कोटा वाढवून मागायचाय. त्या वर्षांत माझा माल खरोखर कुणाकुणाला विकला, ते दुकानदारांकडून लिहून घेऊन जोडायचंय. तुम्ही एक सही द्या. एवढंच."

वडिलांनी पुढे आलेला कागद वाचला. "अहो, ही तर सगळी माझ्या शपथेची वर्षं आहेत. तुमची एक काच मी घेतलेली नाही."

"मला माहीत आहे हो. म्हणून तर तुमची सही हवी. माझ्या सहीला कोण विचारतंय? तुम्ही खोटं लिहाल, हे कुणाच्या मनातसुद्धा येणार नाही."

वडिलांनी भिंगं पुन्हा तलम कागदात गुंडाळली, पेटीत ठेवली आणि माझा हात धरून बाहेर पडले.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "तुमची शपथ तुमच्यापाशी," ती म्हणाली, "पोरीने का म्हणून आंधळं व्हायचं? खाडीत ओतलंत तेव्हा मी बोलले नाही. आता बोलणार." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, बाबा, राहू दे, मला नको ती काच. म्हणणं अवघड नव्हतं. मी खाली बघत राहिले. मला ती काच हवी होती.

चार दिवसांनी त्यांनी मला शाळेतून परस्पर दुकानावर बोलावलं. चष्मा तयार होता. नवी फ्रेम, नव्या काड्या, कडेला इतक्या सफाईने घासलेली काच की बोट फिरवलं तरी टोचू नये. त्यांनी चष्मा माझ्या कानांवर बसवला, नाकावर जरा दाबला आणि हात धुवायला मागे वळले.

"वाच," ते सवयीने म्हणाले. "मोठ्याने."

काउंटरवर वजनाखाली पाठवायचा म्हणून ठेवलेला एक कागद होता. मी तो उचलला आणि वाचायला लागले. "खाली सही करणार लिहून देतो की, पुढील सालांत मी विलायती भिंगे सदर गृहस्थांकडून दरसाल विकत घेऊन माझ्या दुकानी विकली आहेत." पुढे सालं होती. मी तीही वाचली. एक साल तुरुंगातलं होतं. मला थांबता आलं असतं, पण अक्षरं इतकी स्वच्छ होती की तोंड पुढे चालतच राहिलं. खाली वडिलांची सही होती, नेहमीसारखी, शेवटी ठळक रेघ मारलेली.

मागे पाणी पडायचा आवाज बंद झाला होता.

"ओळी वाकतायत?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

"नाही."

"सरळ दिसतायत?"

"हो, बाबा. अगदी सरळ."

मी पास झाले, कॉलेजात गेले, नोकरी मिळाली, डोंबिवलीत घर घेतलं. कोटेवाल्यांचा कोटा वाढला. दोन्ही बाजूंचा फायदा झाला, पुस्तकात म्हटल्याप्रमाणे.

वडील पुढेही बरीच वर्षं दुकानात बसले. पण त्या दिवसानंतर गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवला की ते छापील तक्ता पुढे करायचे आणि म्हणायचे, "मनातल्या मनात वाचा."