गुत्तेदाराचं ‘बसतंय’

घर वाढवायला गुत्तेदार ठरवला आणि त्याचा एकच शब्द रोज कानावर पडू लागला, बसतंय. खिडकी बसतंय, देवघर बसतंय, माळा बसतंय. मी शाळेत मराठी शिकवते, तरी त्याचं व्याकरण मी सोडून दिलं. त्याच्या तोंडातला गुटखा मात्र मला सोडून देता येईना. बोलता बोलता तो वाळूच्या ढिगावर पिचकारी मारायचा, आणि त्याच वाळूने आमच्या भिंती उभ्या राहणार होत्या. शिसारी यायची मला.

मला त्या कामातून एकच गोष्ट हवी होती. आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. वॉकरशिवाय पाऊल उचलत नव्हतं आणि संडास अंगणाच्या पार टोकाला. त्यांच्या खोलीला लागून संडास-बाथरूम हवं होतं, वॉकर घेऊन आत जाता येईल, वळता येईल एवढं. हे मी सांगायची आणि गुत्तेदार आमच्या ह्यांच्याकडे बघून मान हलवायचा. जणू मी बोललेच नव्हते.

आखणीसाठी चुन्याची फक्की मारली त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. घराशेजारच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या रेघांनी खोल्या आखल्या होत्या. मी आत्याबाईंना त्या रेघांच्या आत चालायला लावलं. त्या वॉकर टेकत गेल्या, वळल्या, परत आल्या. लई ऐसपैस हाय, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना रेघ सरकली. आमच्या ह्यांना राजकारणाचं वेड. पुढारी घरी येतात, त्यांना बसायला हॉल मोठा हवा, म्हणून बाथरूममधला दीड फूट हॉलला गेला. मला कुणी सांगितलं नाही. भिंती उभ्या राहिल्यावर मी टेप लावला तेव्हा कळलं. दार दोन फुटी, त्यातून चौकट वजा. वॉकर दारातच अडला. मी म्हणाले, भिंत पाडा. हे म्हणाले, बांधलेलं पाडू नये, घराला चांगलं नसतं. पुढाऱ्यांच्या बुडाला जागा झाली, आईच्या पायाला नाही.

गुत्तेदाराने वॉकर उचलून आडवा केला आणि दारातून आत नेऊन दाखवला. “असा आडवा धरायचा आन् आज्जीनं कडंकडंनं जायचं. बसतंय की.”

जिला वॉकरशिवाय उभं राहता येत नाही तिने वॉकर आडवा धरायचा. आणि हे त्याच्याकडे बघून हसले. त्या दोघांची मला त्या दिवशी एकसारखी किळस आली.

वास्तुशांतीला लोकांनी हॉल बघितला, छतातले दिवे बघितले. बाथरूम कुणी बघितलं नाही. तेव्हापासून आत्याबाईंच्या काखेत हात घालून मीच त्यांना आत नेते.

परवा शाळेतून आले तर सकाळी त्यांच्या उशाशी भरून ठेवलेला तांब्या तसाच होता, काठोकाठ. मी विचारलं. आधी त्यांनी टाळलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, “तू घरी आल्याबिगर पेत न्हाई मी. लेकाला कसं म्हनू, मला धरून ने?”

मी तांब्या त्यांच्या हातात दिला. हॉलमध्ये चार माणसं बसली होती. ह्यांनी तिथूनच हाक मारून पाहुण्यांना पाणी मागितलं. मी गेले नाही.