चाचांच्या हातातला चाळीसचा काटा

आधीच सांगतो, भुताखेताच्या गप्पा निघाल्या की जांभई देणाऱ्यांतला मी. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेला माणूस! काटा हलला म्हणजे खाली प्रेशर आहे, नाहीतर गेज बिघडलाय. तिसरं काही नसतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो... आता नाही सांगत.

सोलापूरहून मंद्रूपकडे जाताना डाव्या अंगाला एक माळ लागतो. तिथं एका कंपनीनं गॅससाठी तीन विहिरी खणल्या होत्या. पाण्याच्या नव्हेत हं, तोंड वीतभर आणि खोली विचारू नका! गॅस लागला, पण चहाला आधण येईल एवढाच, असं लोक म्हणायचे. काम बंद पडलं. दोन विहिरी बुजवल्या. तिसरीच्या तोंडावर व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज ठेवून, रोजचं रीडिंग घ्यायला दोघांना नेमलं — वॉचमन हमीदचाचा आणि मी.

चाचांची पद्धत ठरलेली. काचेवर नखानं दोन टिचक्या मारायच्या, विहिरीला "सलाम, बाई!" म्हणायचं, मग काटा बघायचा. काटा शून्यावर. चाचा सांगायचे, मी रजिस्टरमध्ये लिहायचो.

रोज शून्यच म्हटल्यावर माणूस काय करील? खोटं कशाला बोलू, मी एक तारखेलाच महिनाभराचे चौकोन शून्यांनी भरून, सह्या ठोकून मोकळा व्हायचो.

एकदा मी रजा न टाकताच मामेबहिणीच्या लग्नाला केम गावी गेलो होतो. त्या सकाळी चाचांनी टिचक्या मारल्या आणि काटा चाळीस पौंडांवर! धावत जाऊन रजिस्टर उघडलं, तर त्या दिवसाच्या चौकोनात माझं शून्य आधीच बसलेलं. खाडाखोड करायची नाही हा कडक नियम. चाचांनी साहेबांना फोन केला. साहेब येईपर्यंत काटा खाली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, "हे शून्य तू बघून लिहिलंस?"

नोकरी नवी होती. मी म्हणालो, "हो साहेब."

झालं! त्या दिवसापासून हमीदचाचांचे 'चाळीसचाचा' झाले. मंद्रूपच्या बाजारात भाजीवालीसुद्धा विचारायची, "चाचा, आज किती? चाळीस का?" चाचा हसायचे. पण हळूहळू त्यांनी बाजाराला जाणंच सोडलं. मला कळत होतं. लाज वाटत होती. तोंड मात्र उघडत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तिसरी विहीरही बुजवायचं ठरलं. सकाळी गेज काढला, सिमेंट ओतलं, आणि अकराच्या सुमारास तिथंच मांडव घालून चाचांचा निरोप समारंभ. कडक भाकरी, शेंगांची चटणी, जिलबी! साहेबांनी शाल-नारळ दिला आणि तोच गेज पुसून आठवण म्हणून चाचांच्या हातात ठेवला. मागनं कुणीतरी ओरडलं, "चाचा, आतातरी चाळीस दाखवा की!"

मांडव खदखदून हसला. चाचाही हसले, पण मान खाली गेली. मला राहवलं नाही. माईक ओढला.

"चाचा खोटं बोलले नव्हते. ते शून्य मी न बघता लिहिलेलं. मी त्या दिवशी केमला लग्नात होतो!"

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग सवयीनं हातातल्या गेजवर दोन टिचक्या मारल्या. "सलाम, बाई!"

काटा उठला. सरळ चाळीसवर!

गेज विहिरीवर नव्हता हो, हातात होता! मागची नळी उघडी. साहेबांनी तिच्यात बोट घालून बघितलं. गेज हातोहात फिरला, ओरडणाऱ्यानंही डोळे फाडून पाहिला... चाळीस! जिलबीचं ताट मांडवात फिरून येईपर्यंत काटा तिथंच होता. मग सावकाश शून्यावर आला.

"या अल्ला!" म्हणत चाचा शाल उडवत नाचले. साहेब नाचले, मीही नाचलो. काय आनंद होता तो, सांगता येत नाही!

मी पळत रजिस्टर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवसाचा चौकोन रिकामा ठेवला होता. "चाचा, चाळीस लिहा!"

चाचांनी पेन घेतलं आणि लिहिलं — शून्य.

"आरं, गेज हिरीवर न्हाय की. हिरीचं शून्यच लिवायचं. चाळीस समद्यांनी बघितलं, बास झालं."

"चाचा, मला माफ करा."

"मला तवाच ठावं हुतं रं, बाळ्या. अक्षर तुजं, आन तू केमला. तुजी नोकरी नवी हुती, म्हनून गप बसलो. पर लई वाट बघाय लावलीस की!" असं म्हणून त्यांनी माझ्या तोंडात जिलबी कोंबली. मी रडत रडत खाल्ली.

नंतर गेज मी वर्कशॉपमध्ये नेऊन तपासला. स्प्रिंग ठीक, काटा ठीक, रीडिंग अचूक. काय झालं असेल, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा.

आता चाचा दर बाजाराला पिशवी घेऊन निघतात. गेज त्यांच्या घरात भिंतीवर आहे. परवा गेलो तर दोन टिचक्या मारून म्हणाले, "बग की बाळ्या, किती हाय?"

मी जवळ जाऊन, वाकून, नीट बघितलं. शून्य होतं. मग तसं सांगितलं.