नेपल्सचा एक दिवस आणि गुळाचा खडा

मंडळी, आज जेवताना घरात चांगलीच जुंपली. पुढच्या आठवड्यात मी आणि बायको क्रूझवर निघालोय. बोट इटलीतल्या नेपल्सला फक्त दिवसभर थांबणार, म्हणून मी किल्ला, चर्च, बाजार असा मिनिटामिनिटाचा बेत आखलाय.

आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, तो ऐकून विचारलं, "आन् बसायचं कवा रं?"

नानांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, चाळीसच्या दशकात लढाईवर असताना त्याच बंदरात उतरले होते. त्यांनाही एकच दिवस मिळाला होता. शहर बघायला निघाले, तर पडक्या घरापुढच्या एका म्हातारीनं खुणावून त्यांना शेजारी बसवलं. आपल्याकडं दारात आलेल्याला गूळ-पाणी देतात. तिच्याकडं पाणी होतं, आजोबांच्या खिशात कोरेगावचा गूळ. बोटीचा भोंगा वाजला तेव्हाच ते उठले. शहर राहिलंच.

"तरी वडील जन्मभर नेपल्सचंच सांगायचं," नाना म्हणाले.

मी हट्टानं बेत बदलला नाही. आत्ता बॅग उघडली, तर कपड्यांत गुळाचा खडा!

"नाना, हा कुणाला द्यायचा?"

"जो बस म्हणंल, त्याला."

सांगा मंडळी, एवढं पळणाऱ्याला बस कोण म्हणेल?